घर सुटलं, थकलेलं भाडं कुणी फेडायचं?

भाड्याच्या घरावर ताबा द्यायचा हुकूम होतो, टेम्पो भरून सामान दुसरीकडे जातं, आणि दोन-तीन महिन्यांनी मालकाच्या वकिलाची नोटीस येते. या वेळी ती वडिलांच्या नावे नसते. नोकरी करणारा मुलगा, लग्न होऊन नाशिकला गेलेली मुलगी, नवऱ्याने सोडलेली सून किंवा करारावर सही केलेला मामा, यांच्या नावे असते. ‘भाडं वडिलांनी थकवलं, मी का भरू?’ हा प्रश्न वाचक सतत विचारतात. अर्धी माणसं घाबरून पैसे भरून टाकतात आणि अर्धी ‘माझा काय संबंध’ म्हणून नोटीस कोपऱ्यात टाकतात. दोन्ही प्रकारांत नुकसान होतं, आणि दुसऱ्यात जास्त.

नुसत्या नात्यामुळे कुणावर भाड्याचं देणं चढत नाही. ते अंगावर येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: करारावरची सही, जामीनकी, घरातला स्वतःचा ताबा, वारशाने हाती आलेली मालमत्ता, आणि न्यायालयाच्या समन्सकडे फिरवलेली पाठ. तुम्ही यांपैकी कुठे बसता ते ठरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

इथली भाडेकायद्याची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. इंदूर, बेळगाव किंवा बंगळूरला राहणाऱ्यांसाठी तिथला भाडेकायदा वेगळा असेल. करार, मुदत आणि हुकूमनाम्याची वसुली यांचे केंद्रीय कायदे मात्र तिथेही हेच आहेत.

आधी करार हातात घ्या

घर पागडीचं किंवा जुन्या भाडेकरारावरचं होतं की ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, ते पाहा. पागडीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण आहे आणि दावा लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयात चालतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की मालक त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो.

कराराची प्रत नसेल तर नोंदणीकृत कराराची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तोंडी ठरलेल्या भाड्यावर भलताच आकडा मागितला जात असेल तर हे कलम कामाला येतं.

करारात तुमचं नाव शोधा, आणि ते कुठल्या रकान्यात आहे हेही बघा. ऑनलाइन नोंदणीच्या करारात पक्षकारांचे फोटो आणि अंगठे असतात, साक्षीदारांचेही असतात. आपला फोटो दिसला की माणसाला वाटतं आपण अडकलो. साक्षीदाराने फक्त ‘या माणसांनी माझ्यासमोर सही केली’ एवढंच सांगितलेलं असतं. भाड्याशी त्याचं देणंघेणं नाही. पोलीस पडताळणीच्या अर्जात किंवा ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ अशा यादीत नाव असणं हेही सही नव्हे.

तुम्ही नेमके कोण?

करारावर सही केलेले. वडील आणि तुम्ही दोघेही भाडेकरू म्हणून सही करून बसला असाल तर तुमचा वाटा निम्मा, असं मालकाशी चालत नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ४३ नुसार तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. तुम्ही सगळे पैसे भरलेत तर निम्मे वडिलांकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. तो आपल्याकडे बहुतेकदा कागदावरच राहतो, म्हणून भावाभावांनी एकत्र सही करण्यापूर्वीच हे समजून घेतलेलं बरं.

‘मी तर त्या घरातून कधीच बाहेर पडलो होतो’ हा बचाव एकट्याने पुरत नाही. बाहेर पडताना मालकाला लेखी कळवून करारातून नाव कमी करून घेतलं होतं का, हा खरा प्रश्न. नसेल, तर कराराच्या मुदतीतलं भाडं मागायला मालकाला आधार आहे. मुदत संपल्यानंतरच्या काळाबाबत मात्र तुम्ही भांडू शकता. दुसरीकडचा भाडेकरार, गॅसजोडणी, बदलीचा आदेश असे पुरावे जपून ठेवा.

सही केली तेव्हा अठरा पूर्ण नव्हते. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. हे तत्त्व १९०३ पासून पक्कं आहे. जन्मदाखला जोडा आणि मोकळे व्हा.

जामीनदार. माणसं खरी अडकतात ती इथे. दिलेला शब्द म्हणून मामा सही करतो आणि विसरून जातो. करार अधिनियमाचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे मालकाने आधी वडिलांवर दावा लावायला हवा असं नाही. तो थेट तुमच्याकडे येऊ शकतो. पण जामीनदाराकडेही हत्यारं आहेत, आणि ती फारशी कुणी वापरत नाही:

- जामीनकी किती मुदतीची होती? अकरा महिन्यांच्या करारावर सही केली आणि पुढे तुम्हाला न विचारता नवा करार झाला, तर नव्या काळाचं भाडं आपोआप तुमच्यावर येत नाही.
- मालक आणि भाडेकरूने परस्पर भाडं वाढवलं किंवा अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटतो.
- मालकाकडे डिपॉझिट होतं आणि ते त्याने भाडेकरूला परत देऊन टाकलं, तर तेवढ्या रकमेपुरती सूट तुम्ही कलम १४१ खाली मागू शकता.
- जामीनकी चालू स्वरूपाची असेल तर यापुढच्या भाड्यापुरती ती नोटीस देऊन काढून घेता येते (कलम १३०). आधीची थकबाकी मात्र राहते.
- भरलेले पैसे भाडेकरूकडून परत मागण्याचा हक्क कलम १४५ देतं.

चेक दिलेले. भाड्यापोटी तुमच्या खात्याचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. देणं वडिलांचं होतं एवढ्याने सुटका होत नाही. चेक न वटल्याचं कळल्यापासून मालकाने ३० दिवसांत नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला पैसे भरायला १५ दिवस असतात. हे १५ दिवस फुकट घालवू नका. खातं संयुक्त आहे पण चेकवर सही फक्त नवऱ्याची आहे, अशा प्रकरणात सही न केलेल्या बायकोला आरोपी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितलं आहे.

सही नसलेली पत्नी. नवऱ्याने केलेल्या भाडेकरारातली थकबाकी पत्नीच्या पगारातून किंवा तिच्या नावावरच्या ठेवीतून वसूल होत नाही. नवरा घर सोडून गेला आणि ती मुलांसह तिथेच राहिली, तर गुंता वाढतो. सोडून दिलेल्या पत्नीला ताब्याच्या दाव्यात भाडेकरूच्या जागी उभं राहून लढता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केलं. पण तसं लढायचं तर भाडंही तिला भरावं लागतं. म्हणून अशा बाईने कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून नवऱ्यानेच भाडं भरावं किंवा पर्यायी घर द्यावं असा आदेश मागावा. आधी अर्ज, मग मालकाशी बोलणी.

दुकानाचा गाळा असेल तर. एकत्र कुटुंबाच्या धंद्यासाठी कर्त्याने गाळा भाड्याने घेतला असेल तर त्या देण्याची झळ एकत्र मालमत्तेतल्या तुमच्या हिश्श्याला लागू शकते. तुमच्या स्वकष्टाच्या कमाईला नाही.

वडिलांचं देणं मुलावर येतं का?

‘बापाचं देणं फेडणं हा मुलाचा धर्म’ ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की काही मालक नोटिशीतही ती लिहून पाठवतात. एकेकाळी तिला हिंदू कायद्याचाही आधार होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातल्या २००५ च्या दुरुस्तीने तो काढून घेतला. ९ सप्टेंबर २००५ नंतर झालेल्या देण्यासाठी, केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून, मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर न्यायालयाला वसुली लादता येत नाही. वडील हयात आहेत आणि तुम्ही सही केलेली नाही, तर विषय इथेच संपतो. मनाने फेडायचं असेल तर तो तुमचा प्रश्न, त्यात कायदा पडत नाही.

वडील वारले असतील तर गोष्ट बदलते. त्यांचं देणं त्यांच्या मालमत्तेवर राहतं, आणि ती मालमत्ता ज्यांच्या हाती आली त्यांनी तेवढ्यापुरतं ते द्यायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० ही मर्यादा स्पष्ट घालून देतं. वडिलांच्या खात्यातले ४० हजार तुम्हाला मिळाले आणि थकबाकी दीड लाख असेल, तर तुमच्याकडून ४० हजारांपलीकडे मागता येत नाही. काहीच मिळालं नसेल तर काहीच नाही.

‘काहीच मिळालं नाही’ म्हणण्यापूर्वी सातबारा बघा. गावाकडच्या जमिनीतला वडिलांचा हिस्सा वारसनोंदीने तुमच्या नावे चढला असेल तर तो या हिशेबात येतो. आणि नोटीस आल्यावर घाईघाईने बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळं होण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण न्यायालयात रद्द ठरवून घेता येतं.

आणखी एका गोष्टीने लोक विनाकारण धास्तावतात. दावा चालू असताना प्रतिवादी वारला तर मालकाला त्याच्या वारसांना दाव्यात आणावंच लागतं. मग समन्सवर ‘प्रतिवादी क्र. १अ, १ब, १क’ अशी आई, भाऊ, बहीण सगळ्यांची नावं येतात. सासरी सुखाने नांदणाऱ्या मुलीच्या दारात बेलीफ उभा राहतो तो यामुळे. तिच्यावर वैयक्तिक देणं आलं असा त्याचा अर्थ नसतो. मात्र तिने हजर राहून ‘माझ्या हाती मालमत्ता आलेली नाही’ हे लेखी सांगायलाच हवं.

पागडीच्या घरात आणखी एक बारकावा आहे. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय कायद्याने भाडेकरू होतो. त्यामुळे मृत्यूनंतरच्या काळाचं भाडं हे त्याचं स्वतःचं देणं, त्याला वारशाची मर्यादा लागत नाही. वेगळं राहणाऱ्या भावाला हे लागू नाही.

नोटिशीतला आकडा फोडून बघा

नोटिशीत शेवटी एकच गोल रक्कम असते. तिच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात: करार चालू असतानाचं थकलेलं भाडं, आणि मुदत संपूनही घर न सोडल्याची भरपाई. लिव्ह अँड लायसन्समध्ये ही भरपाई भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार महिन्याच्या शुल्काच्या दुप्पट दराने असते. कुटुंबं बुडतात ती या दुपटीत.

समजा, डोंबिवलीत महिना १४,००० रुपये आणि ५०,००० डिपॉझिट असा करार होता. वडील आणि थोरला मुलगा यांच्या सह्या, धाकट्याची नाही. मुदत ३१ मार्चला संपली. जानेवारी ते मार्च भाडं थकलं. हुकूम होऊन घर ३१ जुलैला सुटलं.

- तीन महिन्यांचं थकलेलं भाडं: ४२,०००
- एप्रिल ते जुलै, दुप्पट दराने चार महिने: १,१२,०००
- एकूण: १,५४,०००
- वजा डिपॉझिट: ५०,०००
- बाकी: १,०४,०००

थोरल्याकडे मालक पूर्ण १,०४,००० मागू शकतो. धाकटा नुसता आईवडिलांसोबत राहत होता, तर करारापोटी त्याच्यावर शून्य. पण आईवडील एप्रिलमध्ये गावी गेले आणि धाकटा एकटाच कुलूप लावून त्या घरात राहत असेल, तर बेकायदा ताबा त्याचा स्वतःचा ठरतो, आणि तेवढ्या काळाच्या भरपाईला तो उत्तरदायी होऊ शकतो. ‘सही नाही म्हणून बसून राहा’ हा सल्ला देणारे नातेवाईक हे सांगत नाहीत.

हिशेबात हमखास सापडणाऱ्या गोष्टी: डिपॉझिट वजाच केलेलं नसतं. एकाच महिन्याचं भाडंही लावलेलं असतं आणि दुप्पट भरपाईही. रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती बिलांशिवाय धरलेली असते. करारात व्याजाचा शब्द नसताना महिना दोन टक्के चढवलेले असतात. मालकाकडून महिनावार तक्ता मागा आणि आपलं बँक पासबुक शेजारी ठेवून एकेक ओळ तपासा. रोख दिलेल्या भाड्याची पावती देणं त्याच अधिनियमाच्या कलम ३१ ने मालकावर बंधनकारक आहे. ‘पावती कशाला, घरचेच आहोत’ असं म्हणणारा मालक दाव्यात घरचा राहत नाही.

तीन वर्षांची मुदत, आणि ती घालवण्याचे मार्ग

थकलेल्या भाड्यासाठी दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं चालतं. २०२१ च्या जूनचं भाडं मागण्यासाठी आज पहिल्यांदा दावा येत असेल, तर एरवी ती मागणी मुदतबाह्य असते.

पण लोक स्वतःच्या हाताने मुदत जिवंत करतात. मुदत संपण्यापूर्वी ‘एवढी बाकी आहे, दिवाळीनंतर देतो’ असं सही करून लिहून दिलं की त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. थोडे पैसे भरून त्याची स्वतःच्या अक्षरात किंवा सहीनिशी नोंद केली तरी तेच. मुदत संपून गेलेल्या देण्याबद्दल लेखी वचन दिलं तर तो करार अधिनियमाच्या कलम २५ खाली नवा करारच होतो. व्हॉट्सॲपवरचा ‘काका, तुमचे पैसे बुडवणार नाही’ हा निरोपही पुरावा म्हणून समोर येतो. भावनेच्या भरात असं काही पाठवू नका. आणि देणं लागू नसलेल्याने तर ‘बाबांचं मी बघतो, तुम्ही दावा नका करू’ असं मुळीच म्हणू नये. मालक त्या शब्दावर थांबला तर त्यातूनच तुमची नवी जबाबदारी उभी राहू शकते.

एकदा हुकूमनामा झाला की हा तीन वर्षांचा हिशेब संपतो. पैशाच्या हुकूमनाम्याची वसुली बारा वर्षं करता येते.

नोटीस आल्यावर

वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. तरी उत्तर द्या, पंधरा दिवसांच्या आत आणि स्पीड पोस्टने. पोचपावती जपा. ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार’ हे शब्द नोटिशीत ठरीव मजकूर म्हणून असतात, ते वाचून हातपाय गाळू नका. सही नसलेल्या कुटुंबीयाचं उत्तर इतकं थोडक्यात असलं तरी चालतं:

*‘सदर करारात मी पक्षकार किंवा जामीनदार नाही. सदर जागेचा ताबा माझ्याकडे कधीही स्वतंत्रपणे नव्हता. आपल्या अशिलाची मागणी मला मान्य नाही. माझी जबाबदारी ज्या दस्तऐवजावर आधारली आहे त्याची प्रत आणि मागणीचा महिनावार हिशेब पाठवावा. या उत्तराने मी कोणतेही देणे कबूल करत नाही.’*

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि उत्तरात वडिलांच्या अडचणींची कहाणी लिहू नका. ‘बाबांचा धंदा बसला म्हणून भाडं देता आलं नाही’ ही त्यांच्या विरोधातली कबुली होऊन बसते.

समन्स आलं तर मात्र घरी बसू नका

या लेखातलं हे एकच लक्षात राहिलं तरी पुरे. तुमची सही नाही, तुम्ही वारस नाही, त्या घरात तुम्ही राहिलाही नाहीत, तरी दाव्यात तुमचं नाव असेल आणि तुम्ही हजर झाला नाहीत, तर दावा एकतर्फी चालून तुमच्यावर हुकूमनामा होऊ शकतो. नंतर वसुलीच्या वेळी ‘मी तर करारात नव्हतोच’ हे ऐकून घेतलं जात नाही. दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) चालवणारं न्यायालय हुकूमनामा बरोबर की चूक हे तपासत बसत नाही.

- समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. न्यायालय कारणं नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.
- करारात नसाल तर पहिल्याच तारखेला नाव कमी करण्याचा अर्ज द्या.
- सक्षम प्राधिकाऱ्याकडच्या प्रकरणात प्रतिज्ञापत्रासह लढण्याची परवानगी मागावी लागते, आणि त्यासाठी समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. तिथे तारखेवर तारीख मिळेल या भरवशावर राहू नका.
- एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. समन्स जुन्या पत्त्यावर, म्हणजे सोडलेल्या घरावरच चिकटवलेलं असणं हे घर सुटलेल्या कुटुंबांच्या बाबतीत नेहमीचं. म्हणून घर सोडतानाच नवा पत्ता मालकाला आणि न्यायालयाला लेखी देऊन ठेवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोनवर माहिती हवी असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

हुकूमनामा तुमच्याच विरुद्ध झाला तर काय जातं, काय राहतं

अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि मंगळसूत्रासारखे रूढीने अंगावरून न उतरवायचे दागिने यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलं आहे. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. पगाराबाबत सूत्र असं: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार ३१,००० असेल तर ३०,००० च्या एक तृतीयांश, म्हणजे १०,००० रुपये महिना कापता येतात, तेही एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिन्यांपर्यंतच.

भाड्याच्या देण्यासाठी तुरुंगात टाकू ही धमकी बहुतेक पोकळ असते. ऐपत असून मुद्दाम पैसे दडवणाऱ्यालाच दिवाणी कैदेत ठेवता येतं, नुसत्या गरिबीसाठी नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

हुकूमनामा फक्त वडिलांवर आहे आणि बेलीफ तुमच्या नव्या घरातला तुमचा फ्रिज किंवा दुचाकी लिहून घेत असेल, तर भांडत बसू नका. खरेदीची बिलं, आरसी बुक काढा आणि जप्तीवर हरकतीचा अर्ज त्याच न्यायालयात ताबडतोब द्या. वडिलांसोबतचं संयुक्त खातं असेल तर त्यात पगार कुणाचा जमा होतो, याचा उतारा तयार ठेवा.

मालकाला काय करता येत नाही

भाडं न देणं हा एकट्याने फौजदारी गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पोलीस ठाण्यात बोलावून ‘आत्ता लिहून दे’ असं कुणी म्हणत असेल तर लिहून देऊ नका, नोटीस मागा. तुमच्या ऑफिसात फोन करणं, नव्या सोसायटीच्या ग्रुपवर नाव टाकणं यांतून वसुलीचा कोणताही हक्क तयार होत नाही.

मागे राहिलेलं सामान, मुलांचे दाखले, रेशनकार्ड हे थकबाकीच्या बदल्यात परस्पर अडवून ठेवण्याचा अधिकारही मालकाला नाही. यादी करून लेखी मागणी करा. बेलीफने ताबा घेतला असेल तर त्या वेळी केलेल्या पंचनाम्याची नक्कल न्यायालयातून काढा. सामान कुठे आणि किती होतं ते त्यात असतं.

तडजोड करायची तर

देणं खरं असेल, तर लढण्यापेक्षा बसून मिटवणं स्वस्त पडतं असं माझं मत आहे. दुप्पट भरपाईवर मालक बऱ्याचदा खाली येतो, कारण त्यालाही वर्षानुवर्षं दरखास्त चालवायची हौस नसते. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून पेलतील तेवढेच हप्ते कबूल करा.

सही करण्यापूर्वी कागदावर इतकं असायलाच हवं: एकूण रक्कम, ती कोणत्या काळाची, डिपॉझिट कसं वळतं केलं, हप्त्यांच्या तारखा, एखादा हप्ता चुकल्यास काय, आणि मूळ करारातल्या व जामीनकीतल्या सर्व मागण्या संपल्याचं वाक्य. वडिलांच्या वतीने तुम्ही पैसे देत असाल तर ‘वडिलांच्या खात्यावर, त्यांच्या वतीने, वैयक्तिक जबाबदारी मान्य न करता’ असं लिहा आणि देणेकरी म्हणून सही वडिलांचीच घ्या.

दावा चालू असेल तर तडजोड पुरशीस (तडजोडीचं लेखी निवेदन) न्यायालयात दाखल करा. आणि हुकूमनामा झाल्यानंतर बाहेर पैसे दिले असतील तर नुसत्या पावतीवर विसंबू नका. न्यायालयात नोंद न झालेला असा भरणा दरखास्तीत धरलाच जात नाही, आणि तेच पैसे दुसऱ्यांदा भरावे लागू शकतात. पैसे बँकेतून पाठवा, मालकाला ‘रक्कम पावली’ अशी पुरशीस द्यायला लावा. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वतः अर्ज करून भरण्याची नोंद करून घ्या.